गिरिजाची गाठ, मनीषाची गाठ

माझ्या मुलीचे दोन्ही डोळे काळेनिळे पडले तेव्हा बालवाडीच्या दारात एका आईने मला सरळ विचारलं, "बाई, पोरीला मारलंत का तुम्ही?"

मी तेव्हा विरारजवळच्या आगाशीला बालवाडीत शिकवत होते. राहायला जवळच्याच वटार गावी, सासरी. सासरची केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. गिरिजा अडीच वर्षांची होती. तिच्या पापण्यांभोवती आठवडाभर पिवळसर झाक होती, ती त्या सकाळी जांभळी झाली. ती पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. मी म्हटलं, "नाही हो, मलाच कळत नाहीये काय झालंय." त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या मुलाचा हात धरून त्याला परत घेऊन गेल्या. त्या आठवड्यात आणखी चार मुलं यायची बंद झाली.

हे मी रागाने लिहितेय, ते आधीच सांगून टाकते. गिरिजाच्या आजारात लोकांनी मला धीर देणारी पुस्तकं आणून दिली. मन शांत ठेवा, हसत राहा, सगळं चांगलं होईल. मी ती वाचली आणि प्रत्येक वेळी माझंच काहीतरी चुकतंय असं वाटलं, कारण माझं मन शांत नव्हतं. गिरिजा आज चौदा वर्षांची आहे. आज कुणाच्या घरी असं लहान मूल आजारी असेल आणि त्या आईला सारखा राग येत असेल, तर तिला एवढंच कळावं की त्यात तिचं काही चुकत नाही.

* * *

सुरुवात पायापासून झाली. गिरिजा पायरी चढायला नको म्हणायची, "पाय दुकतो" म्हणायची आणि हात वर करायची, कडेवर घे म्हणून. ओसरीवरून अंगणात उडी मारणारी मुलगी ती. महिन्याभरात ओसरीवर बसून राहायला लागली. मधूनच ताप. दुपारी झोपली की उशी घामाने भिजायची.

गावातले डॉक्टर म्हणाले, वाढीचं दुखणं आहे, मोहरीच्या तेलाने चोळा. चोळलं, तर ती किंचाळली. मग एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत दवाखाना उघडलेल्या एका बालरोगतज्ज्ञांचं नाव कुणीतरी दिलं. चकचकीत दवाखाना, भिंतीवर ससे आणि हत्ती. त्यांनी कॅल्शियम दिलं. दुसऱ्या वेळी लोहाचं टॉनिक दिलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "डॉक्टर, ही आता चालतच नाही. मी बालवाडीत तीस-पस्तीस मुलं रोज बघते. हट्टाने न चालणारं मूल वेगळं दिसतं."

ते गिरिजाकडे न बघता म्हणाले, "तुम्ही कडेवर घेता म्हणून ती चालत नाही. टेन्शन तुम्हाला आहे. तुम्हालाच एखादी गोळी लिहून देऊ का?"

त्यांची कंपाउंडर मुलगी हसली. मीही हसले. माझी मुलगी माझ्या खांद्यावर कण्हत होती आणि मी त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसले. त्या हसण्याचा राग मला स्वतःवर अजून आहे.

डोळे काळे झाल्यावर सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी मी तिला विरारला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. जुना दवाखाना, बसायला लाकडी बाक. त्यांनी आधी गिरिजाचे डोळे पाहिले. मग मला म्हणाल्या, "फ्रॉक वर करा." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि तिच्या पोटावर ठेवले. डाव्या बाजूला आल्यावर हात तिथेच थांबला.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"काय?"

त्यांनी माझा हात धरून तिथे ठेवला. बरगडीच्या खाली, आत, दगडासारखं काहीतरी होतं. खडबडीत. मी तिला रोज आंघोळ घालत होते. रोज.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं असावं. म्हणाल्या, "तुम्हाला कळायचं काम नव्हतं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांनी हात लावला का?"

तीन महिन्यांत मी गिरिजाला पाच वेळा डॉक्टरांकडे नेलं होतं. एकानेही तिचा फ्रॉक वर केला नव्हता.

* * *

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आम्ही चौघं गेलो. मी, माझे मिस्टर, मिस्टरांचे काका आणि गिरिजा. काका गावात शिकलेले म्हणून सोबत. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर काकांशी इंग्रजीत बोलायला लागले. मग मराठीत मिस्टरांना म्हणाले, "बाईंना जरा बाहेर बसवा."

मी बाहेर जाऊन बाकावर बसले. गिरिजा माझ्या मांडीवर होती. समोर भिंतीला पाण्याचा नळ होता, एक बाई त्यात दुधाची बाटली धूत होती. ती बाटली धुवून होईपर्यंत मी बसले असेन. मग मला वाटलं, मुलगी माझ्या मांडीवर आहे आणि तिला काय झालंय ते आत दुसऱ्यांना सांगतायत. मी उठले, दार ढकललं आणि म्हटलं, "माझ्यासमोर सांगा. मराठीत सांगा."

डॉक्टर वैतागले, पण त्यांनी सांगितलं. न्यूरोब्लास्टोमा. मज्जातंतू तयार करणाऱ्या कोवळ्या पेशींचा कॅन्सर, लहान मुलांनाच होणारा. गाठ मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीत आहे, तिथून हाडांत गेलीय. पायात गेली म्हणून पाय दुखतो. डोळ्यांच्या खोबणीत गेली म्हणून डोळे काळे.

मिस्टर खुर्चीचा दांडा धरून उभे होते. ते वाडीतला माणूस, कमी बोलणारे. त्यांनी एकच विचारलं, "वाचेल का?"

"सांगता येत नाही. उशीर झालाय."

उशीर झालाय. मी त्या क्षणी ससे आणि हत्ती रंगवलेल्या भिंतीचा विचार करत होते.

निदान पक्कं करायला चोवीस तासांची लघवी एका डब्यात जमवायची होती. अडीच वर्षांच्या मुलीची, एक थेंबही न सांडता. तिच्या अंगाला पिशवी चिकटवायची, ती सुटायची, कातडी लाल व्हायची, ती रडायची. कसाबसा डबा भरला. दोन दिवसांनी लॅबमधून माणूस ओरडत आला, "पेशंटला केळी दिली होती का?"

दिली होती. आमच्या घरी दुसरं काय असतं? रोज सकाळी एक केळं, आणि कुरकुरली की सुकेळीचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्याचा, तुकडा. सासूबाईंनी आगाशीच्या बाजारातून सुकेळ्यांची पुडी मुद्दाम पाठवली होती, पोर दुसरं काही खात नव्हती म्हणून. त्या तपासणीच्या आधी केळं चालत नाही, आकडा चुकतो.

"हे आधी कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"फॉर्मच्या मागे लिहिलंय."

लिहिलं होतं. बारीक अक्षरांत, इंग्रजीत. तीन दिवस थांबून सगळं पुन्हा करावं लागलं. ते तीन दिवस गिरिजा केळं मागत होती आणि मी नाही म्हणत होते. का नाही, हे तिला समजावण्याचा मार्ग नव्हता.

* * *

घरी माणसं भेटायला यायला लागली. चहा पिऊन, आवाज खाली करून विचारायची, "कुणाच्या रक्तातून आलं हे?" माझी मोठी नणंद लग्न करून पलीकडच्या गावात दिलेली. ती माझ्या तोंडावर म्हणाली, "आमच्यात तर असं कुणाला नाही. वहिनी, तुमच्या माहेरी बघा."

मी बघितलं! खरंच बघितलं, लाज वाटते सांगायला. आईला फोन करून विचारलं, आपल्यात कुणाला गाठ होती का. आई रडायला लागली. माझ्या प्रश्नाने तिला काय वाटलं असेल? नंतर वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेक मुलांत हा आजार घराण्यातून येत नाही, पेशी वाढतानाच कुठेतरी बिघाड होतो. हे मी घरी येऊन सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

एक दिवस मिस्टरांचे काका, तेच शिकलेले काका, ओसरीवर बसून मिस्टरांना समजावत होते. "पोरीचे हाल कशाला करतोस? ती दवा मोठ्या माणसांना सोसत नाही. तुमचं वय आहे, दुसरं होईल. मुलगा होईल." मी आतून ऐकत होते. बाहेर जाणार तेवढ्यात सासूबाई आधी पोचल्या. सासूबाईंचं आणि माझं कधीच फारसं जमलं नाही. केळ्यांच्या गोंधळापासून तर त्या माझ्याशी बोलतही नव्हत्या, त्यांना वाटायचं मी त्यांनाच दोष देते.

त्या काकांना म्हणाल्या, "भाऊजी, चहा झाला असेल तर उठा. आणि ही बरी होईपर्यंत माझ्या ओसरीवर येऊ नका."

काका दीड वर्ष आले नाहीत. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला निघताना सासूबाईंनी माझ्या पिशवीत माझ्यासाठी चार भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली, एवढंच.

* * *

वॉर्डात माझी गाठ पार्वतीताईंशी पडली. नायगावजवळच्या मिठागराच्या गावातल्या. नवरा-बायको दोघंही मिठागरात मजुरीला. त्यांची मनीषा गिरिजापेक्षा चार महिन्यांनी मोठी. तोच आजार, तशीच पोटात गाठ, तशीच हाडांत गेलेली. दोघींना औषधंही तीच, दोघींच्या पलंगांमध्ये हातभर जागा.

पहिल्या औषधाच्या वेळी गिरिजाला उलट्या व्हायला लागल्या आणि मी पदराने तिचं तोंड पुन्हा पुन्हा पुसत होते. पार्वतीताईंनी माझ्या हातातून तिला घेतलं आणि मला म्हणाल्या, "तू आधी पानी पी. तू पडलीस तर हिला कोन बघनार?"

त्या आमच्या आधी महिनाभर आल्या होत्या, म्हणून त्यांना सगळं माहीत होतं. रक्त काढणाऱ्यांत कुणाचा हात हलका, कुठल्या नर्सला विचारलं तर उत्तर मिळतं, तोंडात फोड आले की थंड पेज कशी भरवायची. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आमचे कागद मी वाचायचे, दोघींचेही. एक केरळची नर्स होती, सलाइनची बाटली लावण्याआधी ती स्वतःच्या काखेत धरून ऊब द्यायची, थंड गेलं तर पोरींना हुडहुडी भरते म्हणून. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्यासारख्या दोन-तीन माणसांवर तो वॉर्ड चालत होता.

गिरिजाचे केस गेले तेव्हा मनीषा तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "माज्यासारका झाला." दोघी हसल्या.

गाठ काढायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक जण कागदांचा गठ्ठा घेऊन आला. पार्वतीताईंचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि चार ठिकाणी उठवला. "कसला कागुद हाय?" त्यांनी विचारलं. "ऑपरेशनचा," तो म्हणाला आणि पुढच्या पलंगाकडे गेला. मी माझे कागद वाचून सही केली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, काढलेला भाग तपासणीसाठी आणि पुढील अभ्यासासाठी ठेवला जाईल. मी घाबरलेली होते, पार्वतीताईंना ते वाचून दाखवायचं राहून गेलं. तो दोष माझाही आहे.

दोघींची ऑपरेशनं एकाच आठवड्यात झाली. गिरिजाची गाठ मोसंब्याएवढी. मनीषाची थोडी लहानच.

* * *

सहा महिन्यांनी मनीषाच्या पायाचं दुखणं परत आलं. गिरिजाचं नाही.

मी फार लिहीत नाही. तिला शेवटचे पंधरा दिवस घरी नेलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा ती अंगणात खाटेवर होती, आणि पार्वतीताई तिला कावळे दाखवत होत्या. त्यानंतर चार दिवसांनी गेली. मी गेले नाही. गिरिजाला ताप होता, तिला सोडून कसं जायचं. हे कारण खरं होतं. मला त्या घरी जायची भीती वाटत होती, हेही खरं.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं, तेच डॉक्टर ज्यांनी मला बाहेर बसवलं होतं. "दोघींना एकच आजार. वय तेच, औषध तेच, ऑपरेशन तेच. मग असं का झालं?"

ते म्हणाले, या आजारात एक जीन असतो, त्याच्या प्रती पेशीत फाजील वाढल्या तर आजार हट्टी होतो. दोघींच्या गाठींची ती तपासणी त्यांनी करवून घेतली होती. दोघींतही प्रती वाढलेल्या नव्हत्या. "म्हणजे उत्तर त्यात नाही."

"मग कशात आहे?"

"ठाऊक नाही."

त्यांनी पहिल्यांदा मला सरळ उत्तर दिलं असं मला वाटलं. मी विचारलं, "उरलेल्या डीएनएत बघायचं नाही का?" तेव्हा ते थकल्यासारखे हसले. "बाई, डीएनएचा बहुतेक भाग नुसता कचरा असतो. त्यावरून शरीरात काही बनत नाही. तिथे काय बघणार?"

मी बारावी सायन्स केलेलं, तेही जेमतेम. माझ्याकडे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पण ज्या गोष्टीकडे पाहिलंच नाही तिला कचरा कसं म्हणायचं, हे मला कळेना. पोटाला हात न लावता वाढीचं दुखणं म्हणणारे मी आधीच पाहिले होते.

* * *

गिरिजा वाचली. किरणं घेतली, आणखी औषधं घेतली. आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने तपासणी. केस आले, आधीपेक्षा कुरळे.

शाळेत जायला लागली, तिसरीत आली तेव्हा बाईंनी मला बोलावलं. "गिरिजा लक्ष देत नाही. हाक मारली तरी वळत नाही. आजारपणात तुम्ही फार लाड केलेत." मी घरी येऊन तिच्या मागे उभी राहिले आणि हळू आवाजात तिचं नाव घेतलं. ती चित्र रंगवत राहिली. मोठ्याने घेतलं, तेव्हा वळली.

गाठीवरच्या औषधाने तिचे कान अधू झाले होते, विशेषतः बारीक, टोकदार आवाज ऐकू येत नव्हते. असं होऊ शकतं हे औषध देणाऱ्यांना माहीत होतं. दरवर्षी कान तपासायचे असतात हे कुणी सांगितलं नव्हतं. गाठ परत आली नाही एवढं बघून आम्हाला पाठवून देत होते. पाच वर्षं ती अर्धंमुर्धं ऐकत होती आणि शाळेत बोलणी खात होती. मी त्या बाईंकडे जाऊन कानाचा रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्या ओशाळल्या, गिरिजाला पहिल्या बाकावर बसवायला लागल्या. पण मधली पाच वर्षं तिला कोण परत देणार?

तुमचं मूल या औषधांतून गेलं असेल तर कान तपासून घ्या. कुणी सांगायची वाट बघू नका.

* * *

मागच्या तपासणीला एक नवीन तरुण डॉक्टर होता. मराठी मुलगा, चष्मा, बोलताना पेन उघडझाप करायची सवय. गिरिजाला तपासून झाल्यावर त्याने मला बसायला सांगितलं आणि विचारलं, जुन्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा हॉस्पिटलमध्ये आहे, त्यावर नवीन अभ्यास करायला परवानगी द्याल का?

"जुन्या फॉर्मवर सही आहे ना माझी?"

"आहे. पण तेव्हा कुणी नीट समजावलं नसेल. म्हणून पुन्हा विचारतोय."

मी त्याला म्हटलं, मग समजावा.

त्याने कागदावर रेघ काढली. हा डीएनए. जीनची नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात, आणि त्या नकलेवरून शरीराला लागणारी प्रोटीनं बनतात. आजवर सगळं लक्ष तेवढ्यावर होतं. बाकीच्या भागावरूनही लांबलचक आरएनए निघतात, पण त्यांच्यावरून प्रोटीन बनत नाही, म्हणून त्यांना बिनकामाचं समजत होते. आता दिसतंय की त्यातले काही दुसऱ्या जीन्सना चालू-बंद करतात. कोवळ्या पेशीने मोठं होऊन शहाणा मज्जातंतू व्हायचं की नुसतं वाढत सुटायचं, यात त्यांचा हात असावा. काही मुलांची गाठ औषधाला ऐकते, काहींची ऐकत नाही, त्याचं थोडं उत्तर तिथे मिळेल अशी आशा आहे. "अजून पक्कं काही नाही," तो म्हणाला. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

मी तो कागद माझ्याकडे ओढला. दहा-अकरा वर्षांपूर्वी याच इमारतीत मला या भागाला कचरा म्हणून सांगितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की माझा आवाज चढला. "मी विचारलं होतं! तेव्हाच विचारलं होतं. हसले होते मला."

त्याने पेन खाली ठेवलं. "तेव्हा बघायची साधनं नव्हती, बाई. पण हसायला नको होतं."

मी सही केली. मग विचारलं, "मनीषाच्या आईला विचारलंत का?"

दुसऱ्या पेशंटबद्दल बोलता येत नाही, असं तो म्हणाला. पण त्या वर्षांतल्या बऱ्याच घरांना पाठवलेली पत्रं परत आलीत, एवढं सांगितलं. मी म्हटलं, "तुम्ही काही सांगू नका. मी विचारून येते."

* * *

पार्वतीताईंचं घर मला सापडलं. मिठागर निम्मं बुजवून तिथे इमारतींचं काम चाललं होतं. त्या म्हाताऱ्या दिसत होत्या, खरं तर माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या असतील. मला पाहून आधी त्यांनी गिरिजाचं विचारलं. "चालते का नीट?" मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात दाबला. मला वाटलं होतं, त्यांना माझा राग येईल. मनीषा गेल्यावर मी एकदाही आले नव्हते.

मी कागद काढला आणि सगळा वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "थांब. मनीषाचा काय हाय तिथं?"

"गाठीचा तुकडा. नखाएवढा. मेणात ठेवलाय."

"अजून हाय?"

"हो."

त्या उठल्या, आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. "मी तिला मातीत दिली, तवा समदी दिली असा वाटला मना. आनि इतकी वर्षं तिचा तुकडा तिथं हाय, आनि मना कोनी सांगितला नाय?" त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. "इचारला होता मी, कसला कागुद हाय. ऑपरेशनचा म्हनाला."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "मी नाय म्हनत नाय. पन ज्याला पायजे त्याला इथं येऊन सांगू दे. त्याच्या तोंडानं."

मी हॉस्पिटलला फोन केला. त्या तरुण डॉक्टरला पार्वतीताईंचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "रविवारी येतो. रस्ता सांगा."

आला. मी स्टेशनला घ्यायला गेले. पार्वतीताईंनी खुर्ची दिली, तो जमिनीवर बसला. त्याने पुन्हा रेघ काढून सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा सोपं. आधी त्याने माफी मागितली, हॉस्पिटलच्या वतीने. तुकडा जुना आहे, त्यातून काही निघेल की नाही तेही ठाऊक नाही, असंही सांगितलं.

पार्वतीताईंनी विचारलं, "तिची का नाय थांबली आनि हिच्या पोरीची थांबली, ते कळंल?"

"कदाचित. अनेक वर्षं लागतील. कदाचित कळणारही नाही."

"माजी चूक होती का, ते कळंल?"

तो पटकन म्हणाला, "ते आजच सांगतो. नव्हती. कुणाचीच नव्हती."

पार्वतीताईंनी पदर तोंडाला लावला. अकरा वर्षं या बाईने हा प्रश्न जवळ ठेवला होता आणि याचं उत्तर देणारा माणूस तिच्या दारात कुणी पाठवला नव्हता. हे उत्तर द्यायला कुठलंही नवं संशोधन लागत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "देते. पन काय निगाला ते मना कळवायचा. चांगला, वाईट, काय बी. तसा लिवा कागदावर."

डॉक्टरने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तशी जागा नाहीये यात."

"मंग करा जागा."

त्याने अंगठ्याच्या चौकोनाखाली पेनाने एक रेघ ओढली आणि तिच्याखाली मराठीत लिहिलं, जो काही निष्कर्ष निघेल तो मनीषाच्या आईला घरी येऊन सांगण्यात येईल. खाली स्वतःची सही केली. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग पार्वतीताईंनी शाईची डबी जवळ ओढली आणि स्वतःच्या हाताने अंगठा उठवला.

अजून काही कळलेलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी मी त्या डॉक्टरला फोन करते. तो म्हणतो, अजून नाही. मग मी पार्वतीताईंकडे जाऊन तेवढंच सांगते, आणि आम्ही चहा पितो.